हातातली नस पुन्हा वाढते

'चेतापेशीला एकदा इजा झाली की ती कायमचीच' हे तुमच्या लेखातलं वाक्य मेंदू आणि मज्जारज्जूपुरतं बरंचसं खरं आहे, हातापायांच्या नसांना (म्हणजे संवेदना आणि हालचालींचे संदेश नेणाऱ्या चेतातंतूंना, रक्तवाहिन्यांना नव्हे) सरसकट लावलंत तिथे चुकलं. हातात नस तुटते तेव्हा पेशीचा मुख्य भाग मणक्यापाशी बहुतेक वेळा शाबूत असतो, तुटतो तो तिचा लांब तंतू. तुटलेल्या जागेपुढचा तुकडा झडून जातो (ऑगस्टस वॉलर या ब्रिटिश संशोधकाने हे १८५० मध्येच बेडकाच्या नसांवर दाखवलं होतं). मग श्वान पेशी (नसेच्या तंतूंना गुंडाळून असणाऱ्या आधार-पेशी) तिथला कचरा साफ करतात, रांग धरून उभ्या राहतात आणि त्या रांगेतून नवा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतो. मेंदूत श्वान पेशी नसतात. तिथलं मायलिन, म्हणजे तंतूंवरचं वेष्टन, उलट वाढ रोखतं.

माझ्या धाकट्या भावाची मनगटाच्या वरची नस खिडकीच्या काचेने कापली होती. परळला शस्त्रक्रिया झाली. पुढे दर तपासणीला डॉक्टर नसेवर टिचक्या मारत, मुंग्या कुठवर येतात (म्हणजे नवा तंतू कुठवर पोचला) तिथे पेनाने खूण करत, आणि ती खूण हळूहळू करंगळीकडे सरकत गेली. आई तर घरीसुद्धा टिचक्या मारून बघायची! पूर्ण पकड आली नाही, पण आज तो लोकलचा दांडा धरून उभा राहतो. स्नायू मात्र वर्ष-दीड वर्षापलीकडे फारशी वाट बघत नाहीत, त्यामुळे नस वेळेत शिवून घेणं महत्त्वाचं. तुमचं वाक्य वाचून कुणी 'आता काय उपयोग' म्हणत घरी बसू नये. कृपया दुरुस्त करा.