सिक्कीमच्या मक्याचा फॉरवर्ड

रविवारी रात्री काटोलहून धाकट्या भावाचा फोन. "ताई, औंदा मक्याले युरिया नाई, फवारा बी नाई. सिक्कीमवाल्यायनं करून दाखवलं." फोन ठेवल्यावर त्याने पाठवला तो तोच फॉरवर्ड, जो इथे नागपुरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला होता. सिक्कीम रातोरात सेंद्रिय झालं, मका दुप्पट झाला, सेंद्रिय मक्यावर लष्करी अळी फिरकतच नाही, आणि पाऊस येवो न येवो, पीक दरवर्षी एकसारखं. शेवटी हिरव्या बदामांच्या इमोजींची रांग. तोवर मी हसत होते. घरचा माणूस चार एकर पणाला लावायला निघाला तेव्हा हसू गेलं.

रातोरातचं आधी उरकते. २००३ मध्ये विधानसभेत ठरलं, मग खतांचं अनुदान टप्प्याटप्प्याने काढलं, २०१० मध्ये सेंद्रिय मिशन सुरू झालं, २०१६ च्या जानेवारीत पूर्ण सेंद्रिय राज्य झाल्याची घोषणा. तेरा वर्षं! आणि त्या डोंगरउतारांवर रासायनिक खत आधीही बेताचंच पडायचं. मका तिथे हेक्टरी दोन टनांच्या आसपास, देशाची सरासरी तीनच्या वर. दुप्पट कशाच्या, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता अळी. फॉरवर्ड म्हणतो, तिला युरियाचा वास लागतो. अरे, ती पतंगाची जात आहे, एका रात्रीत शंभर किलोमीटर जाते. २०१८ च्या मे महिन्यात ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि वर्षभरात मिझोरमच्या डोंगरातल्या मक्याची नासाडी करून बसली. तिथे कुठे युरियाची पोती रिकामी होतात? हो, युरिया जास्त झाला की पान लुसलुशीत होतं आणि किडीला आवडतं, एवढं मान्य. पण पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उघडून पाहा. लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा, तिच्याखाली अळी. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. मोठी झाली की त्या भुशाचंच बूच मारून आत बसते, मग वरून काहीही मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून सेंद्रियवाल्यालाही आधीच राबावं लागतं: अंडीपुंज चुरडणं, नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे, निंबोळी अर्क, पोंग्यात मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी. सेंद्रिय म्हणजे हात बांधून बसणं, हा अर्थ ज्याने लावला त्याने बहुतेक मका फक्त भाजलेला पाहिलाय.

'दरवर्षी एकसारखं पीक' याला तर उत्तर छापलेलं आहे. नॅप आणि व्हॅन डर हायडेन या स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये जगभरच्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र मांडली. सेंद्रिय पिकाचं वर-खाली होणं इतरांइतकंच, पण मुळात पीक कमी, त्यामुळे उत्पादनाच्या मानाने स्थिरता १५ टक्क्यांनी कमी भरली. हिरवळीचं खत (शेतातच गाडलेलं हिरवं पीक) आणि पुरेसं पोषण दिलं तर ही तफावत घटते, हेही त्यांनीच लिहिलंय. दुष्काळाचं मात्र अगदीच खोटं नाही. अमेरिकेत रोडेल संस्थेच्या १९८१ पासून चाललेल्या प्रयोगात कोरड्या वर्षी सेंद्रिय मका पुढे राहिला. पण ती जमीन वर्षानुवर्षं कडधान्याच्या फेरपालटाने भरलेली. आमच्या भाऊरायांचं पहिलं वर्ष.

मग मी त्याला हिशोब विचारला. मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र (नायट्रोजन), म्हणजे एकरी जवळपास ४८. शेणखतात नत्र अर्धा टक्का. एकराला दहा टन, चार एकरांना चाळीस. गोठ्यात दोन बैल, एक गाय. एका एकराचंही भागत नाही. पलीकडे शांतता.

भाव तिप्पट मिळतो म्हणे. प्रमाणपत्राविना कोण देतो? आणि त्यासाठी आधी बिनरसायनाचा दोन वर्षांचा रूपांतर काळ काढावा लागतो.

शेवटी विहिरीजवळच्या अर्ध्या एकरावर तह झाला. त्यात सगळं सेंद्रिय, बाकीच्यात नेहमीसारखं, आणि पोंगे दोन्हीकडे दर तिसऱ्या दिवशी तपासायचे. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "अन् ताई, रानडुकरायचं काय? त्या फॉरवर्डमधी त्यायचं काईच नाई."