शनिवारचे हाल

दुबईत मुलगी वाढवणाऱ्या बापाची मनाची तयारी पोहण्याच्या क्लासपर्यंत, फार तर कथ्थकपर्यंत असते. आमच्या कन्येनं चार चाकांची फळी निवडली. त्यामुळे शनिवारची संध्याकाळ मी काइट बीचच्या स्केटपार्कमध्ये कठड्यावर बसून काढतो, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात बँडेडची डबी. जून-जुलैत अंधार पडल्याशिवाय तिथं जाण्यात अर्थ नाही. दिवसा त्या सिमेंटवर पापड भाजून निघतील. ‘हा काय खेळ आहे?’ असं विचारायची सोयही उरलेली नाही. 2023 मध्ये शेजारच्या शारजात याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीही पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी!

तिचं पडणं एकवेळ सोसेन. सोसत नाही ती भाषा. अरबीचा गंधही नसता तर सुखी असतो. पण हे शब्द फारसीचा हात धरून केव्हाच मराठीत आले आणि इथं येऊन त्यांचे स्वभाव बिघडले. मुलगी रॅम्पवरून गडगडत खाली येते आणि तिची जॉर्डनची मैत्रीण ओरडते, ‘खलास!’ पुरे, आता थांब, एवढंच तिचं म्हणणं. मला ते पाठ आहे, तरी दर वेळी काळजात चर्र होतं. मग सगळे भोवती जमतात, ‘किफ हालिक?’ अहो, दिसतायत की हाल! गुडघा सोललाय, कोपर लाल झालंय. तेवढ्यात एखादा इजिप्तचा पोरगा धीर देतो, ‘मालेश, मालेश.’ चालायचंच, असं त्याला म्हणायचं असतं. मला मात्र खोबरेल तेल आठवतं.

करामतींची नावं इंग्रजीच. फ्लोरिडाच्या ॲलन गेल्फँडच्या टोपणनावावरून पडलेली ‘ऑली’ इथंही ऑलीच. पण अरबीत ‘प’ नाही, म्हणून किकफ्लिपचं ‘किकफ्लिब’ होतं. आमची पोरगी हल्ली घरी पोळीलाही ‘बोळी’ म्हणते. मुद्दाम. तिच्या आईला वाटतं हे मी शिकवलं.

आणि एखादी करामत साधली की ही मुलं तिला ‘हरका’ म्हणतात. मूळ अर्थ हालचाल. आपली हरकत तीच, फक्त आमच्या घरात ती घेतली जाते, बहुतेक वेळा मीच घेतो, आणि कुणी तिकडे लक्ष देत नाही. इथं मात्र हरकत झाली की ‘माशाल्ला’चा गजर होतो आणि पोरगी त्याच तंद्रीत पुन्हा वर चढते.

परवा सोलापूरच्या आजीचा व्हिडिओ कॉल आला. आजीनं जन्मभर गाण्याचे क्लास घेतले. नात मोठ्या उत्साहात सांगत होती, ‘आजी, मला नवी हरकत जमली! फार अवघड होती गं, सारखी निसटायची. मग एकदम बसली.’

मी मध्ये पडलो नाही.

आजीचा चेहरा उजळला. तिनं चष्मा सारखा केला, मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, ‘अगंबाई! कुठल्या रागात?’