पाणथरी मोठी दिसली म्हणजे सिरोसिस नव्हे

"पाणथरी वाढलेली, जठरात शिरा फुगलेल्या, रक्ताची उलटी झालेली: हा लिव्हर सिरोसिसच. रिपोर्ट नॉर्मल आले तरी फसू नका. गुठळी निघाली तर अ‍ॅस्पिरिन सुरू करा." हा फॉरवर्ड स्वादुपिंडाच्या जुन्या सुजेने त्रासलेल्या माझ्या मावशीच्या हातात पडला आहे, म्हणून हे उत्तर: असंच चित्र पाणथरीच्या (प्लीहेच्या) शिरेत गुठळी झाल्यानेही दिसतं.

आधी अ‍ॅस्पिरिन, कारण ते जीवावर बेतू शकतं. फुगलेल्या शिरा जठरात आहेत, आणि अ‍ॅस्पिरिन जठराचं अस्तर दुखावतं, शिवाय प्लेटलेटचं (रक्त गोठवणाऱ्या पेशींचं) काम मंदावतं. फुटायला आलेल्या शिरांवर घरच्या घरी हे घेणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. गुठळी ताजी असेल किंवा यकृताकडे पसरत असेल तर डॉक्टर रक्त पातळ करण्याचा विचार करतात. ती औषधं वेगळी, आणि रक्तस्रावाचा धोका तोलूनच दिली जातात. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर थेट इस्पितळ गाठा.

आता "सिरोसिसच". पाणथरीची शीर स्वादुपिंडाच्या पाठीला चिकटून जाते आणि आतड्यांकडून येणाऱ्या शिरेला मिळते. तिथून पोर्टल शीर यकृतात जाते. स्वादुपिंडाची सूज, त्यातली पाण्याची गाठ किंवा कॅन्सर या शिरेला दाबतो आणि गुठळी होते. मग पाणथरीचं रक्त जठराच्या वरच्या घुमटातल्या बारीक शिरांतून वाट काढतं आणि त्या फुगतात. यकृत ठणठणीत असतं, पोर्टल शीर मोकळी असते, अन्ननलिका बहुधा वाचते. सिरोसिसमध्ये अडथळा यकृतातच असल्याने सगळ्या जाळ्यात दाब वाढतो: अन्ननलिकेतही शिरा फुगतात, पोटात पाणी होऊ शकतं.

यकृततज्ज्ञ सरीन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये 568 रुग्णांच्या अभ्यासातून जठरातल्या शिरांचे प्रकार पाडले. आजही एन्डोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये तेच लिहितात. त्यातला 'आयजीव्ही 1' म्हणजे फक्त घुमटातल्या शिरा. तो सिरोसिसमध्येही दिसू शकतो, पण रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं असताना पाणथरीची शीर तपासलीच नाही, तर ती चूक आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल: सुरुवातीच्या सिरोसिसमध्ये लिव्हरच्या रक्तचाचण्या नॉर्मल येऊ शकतात. पण म्हणूनच फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी), यकृताचा पृष्ठभाग आणि पोर्टल शिरेचा प्रवाह बघायचा असतो, निदान ठोकून द्यायचं नसतं.

"सोनोग्राफीत गुठळी नाही म्हणजे नाहीच" हेही खोटं. आतड्यातला वायू नेमका तोच भाग झाकतो. कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेत औषध टोचून काढलेला स्कॅन) लागतो, तोही इंजेक्शननंतर सुमारे 70 सेकंदांच्या टप्प्यातला; फार लवकर घेतला तर नीट न मिसळलेलं औषध गुठळीसारखं भासतं. जुन्या गुठळीत शीर दिसतच नाही, फक्त आडवाटेच्या शिरा दिसतात. शंका उरली तर एन्डोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे पोटात सोडलेल्या दुर्बिणीतून सोनोग्राफी. पोर्टल शीरच जुनाट बंद असेल तर यकृताच्या दाराशी बारीक शिरांचं जाळं दिसतं. तो आजार वेगळा. आणि सुजेचा इतिहास नसताना उतारवयात ही गुठळी सापडली, तर स्वादुपिंडाचा मधला भाग आणि शेपूट कॅन्सरसाठी बारकाईने बघायलाच हवी.

प्लेटलेट वाढवणाऱ्या काढ्यांबद्दल इतकंच: वाढलेल्या पाणथरीत प्लेटलेट अडकतात म्हणून रक्तात कमी दिसतात, काढ्याने शीर उघडत नाही.

निदानाचा हा घोळ महागात पडतो, कारण उपचार वेगळे आहेत. सिरोसिसमध्ये यकृतातून नळी घालून दाब उतरवतात. इथे अडथळा यकृताच्या अलीकडे असल्याने त्याचा उपयोग नाही. रक्तस्राव होत असेल तर घुमटातल्या शिरांत एन्डोस्कोपीने गोंद भरतात, आणि पाणथरी काढली की या शिरांकडे येणारं जास्तीचं रक्तच थांबतं. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जिवाणूंविरुद्धच्या लशी किमान 2 आठवडे आधी घ्याव्यात.