मग माफी कशाला दिली होती?
अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षावर फौजदारी खटला म्हणजे निव्वळ सुडाचं राजकारण, असं ट्रम्प यांच्यावरच्या लेखाचे लेखक म्हणतात. मग १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्डनी आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना माफी कशाला दिली? खटला होऊच शकत नसता, तर माफी हवीच कशाला!

आणि १३ फेब्रुवारी २०२१ विसरलात का? सिनेटमध्ये महाभियोगाच्या मतदानात ट्रम्प दोषी म्हणणारे ५७, विरोधात ४३. दोषी ठरवायला लागणारे दोन तृतीयांश भरले नाहीत, ट्रम्प सुटले. ट्रम्पच्याच पक्षाचे सिनेटमधले नेते मॅकॉनेल साहेबांनी सुटकेच्या बाजूने मत दिलं आणि लगेच उठून सांगितलं, माजी राष्ट्राध्यक्षांसाठी फौजदारी न्यायव्यवस्था आहे की! (धन्य!) पुढे २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी राष्ट्राध्यक्षांच्या अधिकृत कृत्यांना खटल्यापासून संरक्षण देऊन टाकलं. मग अधिकृत कुठलं नि खासगी कुठलं, याचाच कीस पाडेपर्यंत पुढची निवडणूक आली.