‘तीन आठवडे उशिरा आले, दोन मासे मेले’ : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की कोई माशांचं टाकं हिवाळ्यासाठी तयार करून द्यायला आम्ही ठरल्या तारखेच्या तीन आठवडे उशिरा आलो, तोवर थंडी पडली होती, माशांना खायला देऊ नका असं सांगितलं, आठ दिवसांत दोन मासे मेले आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. एक तारा दिलात.

मासे गेले याचं वाईट वाटतं आणि त्याबद्दल माफी मागतो. त्यातला लाल-पांढरा मीच तुम्हाला बोटाएवढा असताना दिला होता. तारीख पुढे ढकलली तेव्हा फोन करायला हवा होता, तोही केला नाही. ती चूक माझी.

पण ‘उशिरा’ हा शब्द मला फार लागला, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

आपलं 28 ऑक्टोबरला यायचं ठरलं होतं. त्या सकाळी दुकानामागच्या माझ्या टाक्यात पाणी 26 अंश होतं. दुपारचं ऊन तर तुम्हाला आठवत असेलच. हवा पहाटे गार लागते म्हणून पाणीही गार झालं असं होत नाही. पाणी हळूहळू निवतं, आणि माशाचं अंग पाण्याच्या तापमानावर चालतं. 26 अंशांत कोई उन्हाळ्यासारखाच खातो आणि घाणही तेवढीच करतो. तुमच्या टाक्यावर देशी बदामाचं झाड आहे, त्याची पानगळ तेव्हा सुरूही झाली नव्हती. त्या दिवशी तळाचा गाळ काढून दिला असता तर नोव्हेंबरअखेर तिथे परत तेवढाच गाळ बसला असता. बदामाची चार पानं पाण्यात पडली तर काही बिघडत नाही, पण टोपलंभर पानं तळाशी कुजली की पाणी नासतं.

दुसरं टोक म्हणजे फार उशीर. पाणी 15 च्या खाली गेल्यावर मासे पकडून पिंपात काढले तर त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरचटतो आणि लवकर भरून येत नाही. फिल्टरमधले जे जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात, तेही थंडीत मंद होतात. म्हणून गाळ काढणं, फिल्टरचे स्पंज धुणं हे सगळं पाणी 20 ते 24 अंशांत असताना उरकलेलं बरं. आपल्या साकोलीकडे तो काळ दिवाळीच्या पुढेमागे येतो. 18 नोव्हेंबरला सकाळी साडेसातला तुमच्या टाक्यात 21 अंश होते, दुपारी निघताना 24. थर्मामीटरचा तारखेसह फोटो तुम्हाला तेव्हाच पाठवला होता. मी उशिरा आलो हे तारखेनं खरं आहे. पाण्याच्या हिशेबानं मी वेळेवर आलो होतो.

हेही लपवत नाही की माझ्याकडे कामाला एकच मुलगा आहे आणि त्या दिवसांत तो घरच्या धानकापणीला गेला होता. भंडारा जिल्ह्यात त्या पंधरवड्यात माणूस मिळत नाही, तुम्हालाही माहीत आहे, तुमच्याही बांध्या आहेत. पण तो मुलगा हाताशी असता तरी मी तुम्हाला नोव्हेंबरच सुचवलं असतं.

तुम्ही मला एक व्हिडिओ पाठवला होता, त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरातच सगळं आवरायला सांगितलंय. तो बर्फाच्या देशातला आहे. तिथे टाक्यावर बर्फाचा थर बसतो आणि खालचा वायू बाहेर पडावा म्हणून त्यात भोक राखावं लागतं. आपल्याकडे तसलं काही होत नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. त्या पहाटे मी कंदील घेऊन मागच्या टाक्याशी गेलो होतो, पाणी 12 च्या खाली गेलं नव्हतं. एकही मासा दगावला नाही. कोई हा मुळात आपल्या बोडीतल्या (लहान तळ्यातल्या) सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प माशाचाच रंगीत भाऊ. त्याची रंगीत जात ज्या जपानच्या निइगाता भागात तयार झाली, तिथे हिवाळाभर बर्फ पडतो. नुसत्या थंडीनं तो मरत नाही. पाण्याचं तापमान एकदम वरखाली झालं तर मात्र तो सोसत नाही.

आता जे लिहायला मला अवघड जातंय ते लिहितो. काम झाल्यावर सहाव्या दिवशी तुम्हीच फोनवर सांगितलं की पहाटे पाण्यात हात घातला तर फार गार लागलं, म्हणून अर्धं पाणी सोडून दिलं आणि बोअर सुरू करून टाकं भरलं. माशांना ऊब मिळावी हाच तुमचा हेतू होता, त्याबद्दल शंका नाही. पण हिवाळ्यात बोअरचं पाणी कोमट असतं, कारण जमिनीखालचं पाणी बारमास जवळपास एकसारखंच राहतं. तुमच्या बोअरचं मी त्या दिवशी मोजलं होतं, 27 अंश. टाक्यात पहाटे 18 धरले तर निम्मंनिम्म होऊन तासाभरात चार-पाच अंशांची उडी बसली. वर खोल बोअरच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते असं तुम्हीच म्हणालात. ते त्यामुळे. मी तेव्हा फोनवर एवढंच म्हणालो की हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवा. त्या वेळी तुम्हाला दोष द्यायची माझी इच्छा नव्हती, आणि आजही नाही. पण अभिप्रायात बोअरचा उल्लेखच नाही, हे वाचून वाईट वाटलं.

खाणं बंद करा असंही मी म्हणालो नव्हतो. पाणी 10 अंशांखाली गेलं तर अजिबात देऊ नका, कारण पोटातलं पचत नाही. आपल्याकडे तेवढं सहसा जात नाही. सध्या दिवसातून एकदा, ऊन टाक्यावर आल्यावर, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच द्यायचं, आणि तेही गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य. पोळीचे तुकडे आणि भात नको. हे मी ओसरीवर उभ्या उभ्या घाईत सांगितलं, काकू चहा आणत होत्या, कदाचित नीट पोचलं नसेल.

3,200 रुपयांत गाळ काढणं, फिल्टर टाक्याच्याच पाण्यात धुणं, पानांसाठी जाळी, 8,000 लिटरला 8 किलो खडेमीठ आणि येण्याजाण्याचं पेट्रोल होतं. त्याहून कमी मला परवडत नाही.

पुढल्या मोसमापासून तारीख बदलली तर आधी कळवू आणि सूचना कागदावर लिहून देऊ, तसा प्रयत्न आहे. गेलेल्या दोन माशांच्या जागी दोन लहान कोई माझ्याकडून देईन. आत्ता नको. थंडीत नवा मासा आणला तर तो सोबत आजार आणू शकतो. फेब्रुवारी सरता सरता बघू.

आमच्या भागात कोई पाळणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यातल्या दोघांनी तुमचा अभिप्राय वाचून मला येऊ नका म्हणून कळवलं. माझं दोन एकर धान आणि हे दुकान, यावर घर चालतं. अभिप्राय काढून टाका असं मी म्हणणार नाही, मासे तुमचे होते आणि राग खरा आहे. एवढीच विनंती आहे की जिथे ‘उशिरा’ लिहिलंय तिथे बोअरच्या पाण्याचीही एक ओळ टाका.

उरलेल्या पाचांकडे लक्ष ठेवा. अंगावर पांढरे ठिपके दिसले किंवा एखादा भिंतीला अंग घासू लागला तर कुठलंही औषध टाकायच्या आधी मला फोन करा, त्याच दिवशी येतो.

आपला,
दुकानमालक, साकोली