मेंडेलीव्हची आवर्तसारणी पाणिनीकडून आलेली नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने आवर्तसारणी पाणिनीच्या वर्णमालेवरून घेतली आणि ‘एका-सिलिकॉन’ (सारणीत सिलिकॉनच्या एक घर खाली येणाऱ्या, तेव्हा न सापडलेल्या मूलद्रव्याला त्याने दिलेलं नाव; ‘एका’ म्हणजे संस्कृत ‘एक’) हे संस्कृत नाव त्याचा पुरावा, असं त्यात म्हटलेलं असतं. नाव खरं आहे, निष्कर्ष नाही. त्यातले दावे एकेक करून बघू.

‘संस्कृत नाव हाच पुरावा.’ १८६९ साली छापलेल्या पहिल्या सारणीत ‘एका’ कुठेच नाही. रिकाम्या घरांत प्रश्नचिन्हं आणि अंदाजे अणुभार आहेत: ४५, ६८, ७०. ‘एका’ आलं ते नंतरच्या लेखांत, सारणी उभी राहिल्यावर. ओटो बोटलिंक या संस्कृत पंडिताने पाणिनीची अष्टाध्यायी संपादित केली होती आणि तो बराच काळ मेंडेलीव्हच्याच पीटर्सबर्गमध्ये होता. त्यामुळे उपसर्ग तिकडून मिळाला असेल, ही शक्यता मी नाकारत नाही. पण तो उपसर्गच.

‘मांडणी वर्णमालेसारखीच आहे.’ क-च-ट-त-प हा क्रम उच्चारस्थानांवर उभा आहे, आणि तो पाणिनीचा नव्हे. त्याची शिवसूत्रं, म्हणजे वर्णांची सूत्ररूप यादी, वेगळ्याच क्रमाने जातात. मेंडेलीव्हने पाहिलं ते मूलद्रव्यांचं रासायनिक वागणं: संयुजा किती, ऑक्साइड कसं, क्लोराइड कसं.

टेल्युरियम-आयोडीनची जोडी बघा. टेल्युरियमचा अणुभार १२८, आयोडीनचा १२७. नुसता भार बघितला तर आयोडीन आधी यायला हवं. पण आयोडीन वागतं क्लोरीन-ब्रोमीनसारखं, टेल्युरियम सल्फर-सेलेनियमसारखं. म्हणून त्याने टेल्युरियमच आधी ठेवलं आणि त्याचा भार मोजण्यात चूक झाली असावी, असं मानलं. भार चुकलेला नव्हता, तरी जागा बरोबर होती! खरं कारण १९१३ साली भौतिकशास्त्रज्ञ मोझलीच्या क्ष-किरण प्रयोगांमुळे कळलं: क्रम भारावर नव्हे, अणुअंकावर ठरतो, आणि टेल्युरियमचा अणुअंक ५२, आयोडीनचा ५३. वर्णमाला समोर ठेवून असा निर्णय घेता येत नाही.

‘त्याआधी युरोपात कुणाला सुचलंच नव्हतं.’ डोबरायनरची त्रिकं, म्हणजे सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांचे गट, १८२९ची. न्यूलँड्स आणि लोथार मायर या रसायनशास्त्रज्ञांच्या मांडण्याही १८६९च्या आधीच आलेल्या.

‘भाकितं संस्कृतमुळे जमली.’ ती जमली शेजाऱ्यांमुळे. वर सिलिकॉन, खाली कथिल, बाजूंना जस्त आणि आर्सेनिक. त्यांच्या गुणधर्मांच्या मधलं काढून त्याने एका-सिलिकॉनचा अणुभार ७२ आणि घनता ५.५ सांगितली. क्लोराइड १०० अंशांच्या खालीच उकळेल, असंही सांगितलं. १८८६ साली रसायनशास्त्रज्ञ विंकलरला जर्मेनियम सापडलं, तेच हे एका-सिलिकॉन. अणुभार ७२.६, घनता ५.३, आणि क्लोराइड ८६ अंशांच्या आसपास उकळतं.