प्रयोगाचे उत्तर आधी सांगू नये

सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांकडून आता कृतियुक्त अध्यापनाची अपेक्षा केली जाते, आणि ती योग्यच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या तीन इयत्तांचा वेगळा टप्पा मानला असून अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे. मात्र वर्षभरात किती प्रयोग झाले, याची नोंद ठेवण्यापेक्षा प्रत्येक प्रयोगाआधी मुलांना त्याचे उत्तर ठाऊक होते का, हे विचारणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. निष्कर्ष फळ्यावर लिहून झाल्यावर साहित्य मांडले, की मुले पाहणेच थांबवतात आणि जे दिसायला हवे होते तेच दिसले, असे वहीत लिहून मोकळी होतात.

मेणबत्तीचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाहिलेला आहे. ताटलीत पाणी घेऊन मधोमध पेटती मेणबत्ती ठेवायची आणि तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढते. ग्लासातील ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली आणि त्यावरून हवेत सुमारे एक पंचमांश ऑक्सिजन असतो हे सिद्ध झाले, असे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे दिले जाते. हवेत आकारमानाने सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो हे खरे आहे. परंतु या प्रयोगातून ते सिद्ध होत नाही, आणि सातवीतील मुले ही गोष्ट स्वतः शोधून काढू शकतात.

त्यासाठी दोन प्रश्न पुरतात. पाणी नेमके केव्हा चढते? आणि एका मेणबत्तीऐवजी तीन ठेवल्या, तर ते किती चढेल? दुसऱ्या प्रश्नाचा अंदाज प्रत्येकाने प्रयोगाआधी कारणासह वहीत लिहावा, असा माझा आग्रह असतो. ज्याला ऑक्सिजनचे स्पष्टीकरण पटलेले आहे ते मूल लिहिते की, ग्लास तोच असल्यामुळे हवाही साधारण तेवढीच आहे. म्हणून मेणबत्त्या लवकर विझतील, पण पाणी तेवढेच चढेल. हा अंदाज अत्यंत तर्कशुद्ध असतो. प्रत्यक्षात मात्र तीन मेणबत्त्यांच्या वेळी पाणी स्पष्टपणे जास्त चढते. ज्योत जळत असताना पाण्याची पातळी फारशी बदलत नाही, ती विझू लागली की पाणी झपाट्याने वर येते, आणि ग्लास उपडा घालताना त्याच्या कडेखालून बुडबुडे निघाल्याचेही कुणीतरी पाहिलेले असते. ही तीन निरीक्षणे शेजारी शेजारी मांडली की मुले स्वतःच उष्णतेकडे वळतात: तापलेली हवा प्रसरण पावली, तिच्यातील काही बाहेर गेली, उरलेली थंड होऊन आकुंचन पावली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले गेले. ऑक्सिजन वापरला जातो, पण तो संपत नाही; बराच शिल्लक असतानाच ज्योत विझते, आणि जो वापरला गेला त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइडही तयार झालेला असतो.

मग ऑक्सिजनचे प्रमाण मोजायचे कसे, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. परीक्षानळी आतून ओली करून तिला लोहकीस चिकटवावा आणि ती पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करून काही दिवस तशीच ठेवावी. लोखंड गंजताना ऑक्सिजन घन पदार्थात बांधला जातो, त्याच्या बदल्यात दुसरा वायू तयार होत नाही आणि हवा तापतही नाही. म्हणून पाणी सावकाश चढत नळीच्या सुमारे एक पंचमांश उंचीवर थांबते. (लेथच्या कारखान्यातून कीस आणल्यास तो साबणाने धुऊन घ्यावा, कारण तेलकट कीस गंजत नाही. स्टेनलेस स्टीलचा कीस तर घेऊच नये.) हे दोन्ही प्रयोग एकाच आठवड्यात केल्यास एकाच्या उजेडात दुसरा समजतो.

दुसरे उदाहरण सावलीचे आहे आणि त्याला काठी, दोरी व खडू यांपलीकडे काहीही लागत नाही. दुपारी बारा वाजता सूर्य सर्वांत उंच असतो, असे जवळजवळ सगळी मुले सांगतात. सपाट जागी ओळंब्याने तपासून काठी सरळ उभी करावी आणि दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक जमिनीवर टिपावे. पुण्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्वांत लहान सावली १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास मिळते, तर फेब्रुवारीच्या मध्याला ती १२ वाजून ४९ मिनिटांच्या आसपास मिळते.

येथे एक अडचण येते आणि ती मला फार मोलाची वाटते. माध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी इतकी कमी बदलते की सर्वांत लहान सावलीची वेळ प्रत्येक गटाची वेगळी निघते. अशा वेळी शिक्षकाने ‘बरोबर’ उत्तर जाहीर केले, तर तेथेच शिकणे संपते. त्याऐवजी अधिक अचूक वेळ कशी काढता येईल, असे वर्गालाच विचारावे. माध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना सावली सारखीच लांबते, हे एखाद्या गटाच्या लक्षात येते, आणि मग भारतीय खगोलशास्त्रातील शंकूची, म्हणजे सावली मोजण्यासाठी उभ्या केलेल्या काठीची, जुनी पद्धत त्यांना समजण्याजोगी होते. काठीभोवती वर्तुळ आखायचे आणि सावलीचे टोक त्याला दोनदा कधी स्पर्श करते ते टिपायचे. ते ११ वाजून १० मिनिटांनी आणि १ वाजून २६ मिनिटांनी टेकले असेल, तर मधली वेळ १२ वाजून १८ मिनिटे येते. यासाठी सलग तास लागत नाही. वर्गातील दोघांनी दोन वेळा बाहेर जाऊन खूण करून येणे पुरते.

बारा का नाही, याचे मुख्य कारण रेखांशांत आहे. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले असून पुणे तेथून साडेआठ अंशांहून अधिक पश्चिमेला आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. ऋतूनुसार पडणारा फरक पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे व लंबवर्तुळाकार कक्षेमुळे येतो. तो आठवीत पूर्ण उलगडला नाही तरी चालेल, पण तो असतो हे मुलांनी स्वतः मोजलेले असावे. सूर्य थेट डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस आकर्षक असला, तरी पुण्यात तो १३ मेच्या आसपास म्हणजे सुट्टीत येतो आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस, ऐन पावसाळ्यात. म्हणून वर्षभर सावली मोजण्याला त्याचा पर्याय मी मानत नाही.

हे सगळे स्वप्नरंजन नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ ग्रामीण शाळांपासून याच तीन इयत्तांसाठी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात नेला गेला आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे चालवला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्याच्या पुस्तकांत प्रश्न होते आणि उत्तरे मुलांनी प्रयोगांतून काढायची होती. पुण्यातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेमुळे आपल्याला परिचित असलेल्या, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या कामालाही तेथूनच दिशा मिळाली. २००२ मध्ये राज्य शासनाने तो कार्यक्रम बंद केला, याचे मला आजही वाईट वाटते. त्यातील सर्वांत धाडसी भाग परीक्षेचा होता: मुलांना पुस्तक उघडून लिहिण्याची मुभा होती आणि प्रयोगांचीही परीक्षा घेतली जात असे.

वर्गात साठ मुले आणि पस्तीस मिनिटांची तासिका असताना हे जमत नाही, असे सहकारी म्हणतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. मात्र माझ्या मते खरा अडथळा प्रश्नपत्रिकेचा आहे. परीक्षेत पाठ केलेला निष्कर्षच विचारला जाणार असेल, तर मूल स्वतःच्या नोंदींना किंमत देणार नाही आणि पालकही देणार नाहीत. शाळेच्या पातळीवर वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात प्रश्न ठरवण्याचे स्वातंत्र्य आपल्याला आजही आहे, तेव्हा निदान तेथे असा प्रश्न घालता येईल: ‘नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी पुण्यातील शाळेला माध्यान्हाची वेळ १२ वाजून १८ मिनिटे मिळाली आणि दुसऱ्या एका गावातील शाळेला १२ वाजून ७ मिनिटे. ते गाव पुण्याच्या कोणत्या दिशेला असेल, दोन्हींच्या रेखांशांत साधारण किती अंशांचा फरक असेल, आणि तुमच्या उत्तराची खात्री करण्यासाठी त्या शाळेतील मुलांना तुम्ही आणखी काय विचाराल?’